ध्रुवावर पोहोचलो, हे कशावरून?

फोनच्या नकाशावरचा निळा ठिपका ठिकाणावर आला की आपण 'पोहोचलो' म्हणतो. १९११ साली दक्षिण ध्रुवावर ठिपका नव्हता, पाटी नव्हती, खुणेला एखादा डोंगरही नव्हता. चहूकडे सारखंच पांढरं पठार. अशा ठिकाणी कुणी म्हणालं, "मी पोहोचलो", तर मानायचं कशावरून? ध्रुवीय मोहिमांच्या इतिहासात थंडी-उपासमारीच्या कथांपेक्षा मला हाच प्रश्न जास्त गुंतवून ठेवतो.

होकायंत्र इथे अर्धंच कामाचं. त्याची सुई भौगोलिक ध्रुव ओळखत नाही, चुंबकीय ध्रुव ओळखते. जानेवारी १९०९ मध्ये एजवर्थ डेव्हिड, डग्लस मॉसन आणि अ‍ॅलिस्टर मॅके दक्षिण चुंबकीय ध्रुवाच्या परिसरात पोहोचले. ती जागा खऱ्या दक्षिण ध्रुवापासून १९०० किलोमीटरहून जास्त दूर. शिवाय ध्रुवावर उभं राहिलं की सगळ्याच दिशा उत्तर! सुईचं दक्षिण टोक जिकडे वळेल, तीही उत्तरच. त्यामुळे हिशेबाने दुरुस्ती करून सुई सरळ रेषेत चालवू शकते, पण 'हीच ती जागा' असं सांगू शकत नाही.

ते सांगतो सूर्य. सूर्य रोज उगवतो आणि मावळतो, हे आपण लहानपणापासून गृहीत धरलेलं असतं. डिसेंबरात दक्षिण ध्रुवावर तो मावळतच नाही. तासाला १५ अंश सरकत, जवळजवळ एकाच उंचीवरून तो आकाशात गोल फिरतो. आपण ध्रुवापासून थोडे जरी बाजूला असू, तर एका बाजूला तो किंचित वर दिसतो आणि समोरच्या बाजूला किंचित खाली. या फरकावरून अंतर काढता येतं. एका अंशाचा साठावा भाग चुकला, तर जमिनीवर चूक होते सुमारे १.८५ किलोमीटरची.

रोआल्ड अमुंडसेनला हे गणित ठाऊक होतं, आणि त्यामागचं राजकारणही. १९०९ साली फ्रेडरिक कुक आणि रॉबर्ट पिअरी दोघांनीही उत्तर ध्रुव गाठल्याचा दावा केला होता. कुकचे पुरावे कोपनहेगन विद्यापीठाने अपुरे ठरवले. पिअरीबरोबर शेवटच्या टप्प्यात मॅथ्यू हेन्सन आणि चार इन्युइट होते, पण सूर्याची मोजमापं स्वतंत्रपणे पडताळील असा दुसरा नाविक नव्हता. त्या दाव्यांवरचा वाद अजून पुरता मिटलेला नाही.

म्हणून १४ डिसेंबर १९११ ला पोहोचल्यावर अमुंडसेन झेंडा लावून लगेच परत फिरला नाही. ब्यालँड, विस्टिंग आणि हासेल यांना त्याने तीन दिशांना स्कीवरून पाठवलं. हिशेबात चूक असली, तरी त्यांच्या वाटांनी खरा ध्रुव घेरला जावा म्हणून. स्लेजवरची होकायंत्रं फार जड, त्यामुळे त्यांनी ती नेली नाहीत. परत यायला भरवसा दोनच गोष्टींचा: सूर्य, आणि बर्फात उमटलेल्या आपल्याच खुणा. ढग आले असते आणि वाऱ्याने खुणा पुसल्या असत्या, तर? तिघंही सुखरूप परतले.

मग दिवसभर, दर तासाला, सेक्स्टंटने सूर्याची उंची मोजली गेली. पाच जणांपैकी चौघांना नौकानयनाचं गणित येत होतं. त्यांनी एकमेकांच्या नोंदवह्यांवर साक्षीच्या सह्या केल्या. हिशेबाने जवळात जवळ येईल त्या जागी 'पोलहाइम' नावाचा तंबू उभारून ते निघाले. आत नॉर्वेचा राजा हाकोन याच्यासाठी एक पत्र होतं, आणि ते पोहोचवावं अशी स्कॉटला विनंती. परतीच्या वाटेत आपलं काही बरंवाईट झालं, तर बातमी तरी पोहोचावी.

जानेवारी १९१२ मध्ये स्कॉट आला. त्याच्या लोकांनी स्वतंत्रपणे सूर्य मोजला, त्यांना तो तंबू दिसला, आणि स्कॉटने ते पत्र सोबत घेतलं. परतताना पाचही जण मेले. नोव्हेंबरमध्ये शोधपथकाला त्यांचा बर्फात गाडलेला तंबू सापडला. त्यात स्कॉटची डायरी होती, आणि अमुंडसेनचं पत्रही. अमुंडसेन खरंच पोहोचला होता, याची सर्वांत भक्कम साक्ष त्याच्या हरलेल्या प्रतिस्पर्ध्याने मरेपर्यंत जपून ठेवली होती.