ब्रोतॉस
प्राचीन ग्रीक काव्यभाषेतील ‘मर्त्य’ या अर्थाचा शब्द. होमरच्या महाकाव्यांत देव ते अमर आणि माणसे ती ‘ब्रोतॉस’. गद्यात मात्र माणसाला साधे ‘अँथ्रोपॉस’ म्हणत. मराठी वाचकाला हा शब्द परका वाटू नये, कारण ‘मृत’, ‘मर्त्य’ यांच्याच मूळ धातूतून तो आला. आरंभीच्या ‘म्र’चा ग्रीकमध्ये ‘ब्र’ झाला, पण नकारार्थी ‘अँब्रोतॉस’मध्ये जुना ‘म’ अजून ऐकू येतो. ‘अँब्रोतॉस’ हा आपल्या ‘अमृत’चा सख्खा भाऊ, देवांचे अन्न ‘अँब्रोसिया’ही त्याच कुळातले. होमरच्या ‘इलियड’च्या ५व्या सर्गात देव आणि मर्त्य यांतला भेद फार सुंदर उलगडतो : ग्रीक योद्धा डायोमिडीझचा भाला देवी ॲफ्रोडाइटीच्या मनगटाजवळ लागतो आणि रक्ताऐवजी ‘इकोर’ हा देवांच्या शरीरातील द्रव वाहतो. देव भाकरी खात नाहीत, द्राक्षमद्य पीत नाहीत, म्हणून त्यांना रक्त नाही, असे होमर सांगतो.