लाकडी धनुष्य

लाकडी धनुष्य म्हणजे ज्याच्या भुजा केवळ लाकडाच्या असतात व ज्यात फायबरग्लास, कार्बन, धातू, शिंग किंवा स्नायुतंतू यांचा थर नसतो असे, बहुधा हाताने घडविलेले धनुष्य होय. एकाच ओंडक्यातून घडविलेल्या अशा धनुष्यास ‘एकसंध धनुष्य’ (सेल्फ बो) म्हणतात. दोन किंवा अधिक लाकडी पट्ट्या सरसाने जोडून केलेली धनुष्येही या वर्गात मोडतात. आधुनिक धनुष्यात फायबरग्लासचा थर ताणाचा मोठा वाटा उचलतो. लाकडी धनुष्यात तो सर्व ताण लाकडालाच सोसावा लागतो. त्यामुळे त्याचे आयुष्य घडणीइतकेच बाळगणाऱ्याच्या सवयींवर अवलंबून असते. नीट सांभाळलेले धनुष्य हजारो बाण सोडते. तेच धनुष्य एका क्षणाच्या चुकीने मोडू शकते.

इतिहास

डेन्मार्कमधील होल्मेगार्ड येथील दलदलीत सापडलेली एल्म लाकडाची धनुष्ये इ.स.पू. सुमारे ७००० मधील असून ती ज्ञात सर्वांत जुन्या धनुष्यांपैकी आहेत. १९९१ मध्ये आल्प्स पर्वतात इटली-ऑस्ट्रिया सीमेजवळ बर्फात सापडलेल्या ‘ओट्झी’ या सुमारे ५,००० वर्षांपूर्वीच्या मानवाजवळ यू वृक्षाच्या लाकडाचे, अर्धवट घडविलेले, सुमारे १.८ मीटर लांबीचे धनुष्य होते.

मध्ययुगीन इंग्लंडमधील लाँगबो हे लाकडी धनुष्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण होय. क्रेसी (१३४६) व अ‍ॅझिनकोर्ट (१४१५) येथील लढायांत त्याचा मोठा वाटा होता. या धनुष्यांसाठी यूचे लाकूड युरोप खंडातून आणावे लागे. त्याची टंचाई इतकी होती, की १४७२ च्या कायद्याने इंग्लंडमध्ये येणाऱ्या व्यापारी जहाजांना मालाच्या प्रत्येक टनामागे धनुष्याचे चार दांडे आणणे बंधनकारक केले. या मागणीमुळे युरोपातील यूची जंगले विरळ झाली.

आठव्या हेन्रीचे ‘मेरी रोझ’ हे युद्धजहाज १९ जुलै १५४५ रोजी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ बुडाले आणि १९८२ मध्ये वर काढण्यात आले. त्यात यूची १३० हून अधिक अखंड धनुष्ये मिळाली. त्यांची लांबी सुमारे १.८७ ते २.११ मीटर आहे. ती पोर्ट्‌समथ येथील संग्रहालयात जतन केलेली आहेत. योगायोगाने १५४५ मध्येच रॉजर अ‍ॅशम या शिक्षकाचा ‘टॉक्सोफिलस’ हा धनुर्विद्येवरील इंग्रजीतील पहिला ग्रंथ प्रसिद्ध झाला. धनुष्य कशाने मोडते याची चार कारणे त्याने सांगितली आहेत : दोरी, बाण, प्रमाणाबाहेर खेचणे आणि थंडी. आजच्या धनुष्यकारांच्या सूचनाही बहुतांशी याच चार कारणांभोवती फिरतात. थंडीच्या जोडीला ते हवेतील दमट व कोरडेपणाचाही विचार करतात.

भारतात कौटिल्याच्या अर्थशास्त्रात शस्त्रागाराच्या वर्णनात ताड, बांबू, लाकूड व शिंग यांपासून केलेल्या धनुष्यांचा उल्लेख आहे. मराठीत धनुष्यबाणास ‘तीरकमठा’ म्हणतात. सातपुड्यातील भिल्ल समाजाचा तीरकमठा बांबूचा असतो व त्याची दोरीही पुष्कळदा बांबूच्याच चिवट पट्टीची असते. वनस्पतिशास्त्रानुसार बांबू हे गवत असले, तरी धनुष्याच्या निगेचे बहुतेक नियम त्यालाही लागू पडतात.

रचना

दोरी चढविलेले धनुष्य हाती धरले असता लक्ष्याकडील बाजूस ‘पाठ’ व धनुर्धराकडील बाजूस ‘पोट’ म्हणतात. मधला भाग म्हणजे मूठ, तिच्या वरखाली दोन भुजा आणि भुजांच्या टोकांना दोरी अडकविण्याच्या खाचा असतात. धनुष्य खेचले की पाठ ताणली जाते आणि पोट दाबले जाते. पाठीवरील लाकडाचे तंतू टोकापासून टोकापर्यंत अखंड असावे लागतात. म्हणून धनुष्यकार पाठीवर एकच वार्षिक वलय राखतो. ते मध्येच कापले गेल्यास तेथून ढलपी सुटते.

यूच्या लाकडात निसर्गतःच दोन थर मिळतात. बाहेरचे फिकट रसकाष्ठ ताण चांगला सोसते, तर आतले तांबूस मध्यकाष्ठ दाब सोसते. लाँगबोमध्ये रसकाष्ठ पाठीकडे व मध्यकाष्ठ पोटाकडे ठेवतात. अमेरिकेत ओसेज ऑरेंज व हिकरी ही लाकडे, तर युरोपात अ‍ॅश व एल्म हीदेखील वापरली जातात. भारतात धामणीचे लवचीक व चिवट लाकूड अवजारांच्या दांड्यांप्रमाणेच धनुष्यासाठीही उपयोगी पडते.

दोन्ही भुजा सारख्या वाकाव्यात म्हणून पोटाकडून थोडे थोडे लाकूड काढीत जाण्याच्या क्रियेस ‘टिलरिंग’ म्हणतात. भुजेचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. जाडी एक दशांशाने कमी झाली, तर ताठपणा सुमारे २७ टक्क्यांनी घटतो. त्यामुळे ‘थोडे घासून गुळगुळीत करावे’ अशा हेतूने मालकाने फिरविलेला पॉलिशपेपर धनुष्याचा तोल बिघडवू शकतो.

धनुष्याची निवड

हाताने घडविलेल्या धनुष्यावर सामान्यतः ओढीचा भार व ओढीची लांबी लिहिलेली असते. ‘४० पौंड, २८ इंच’ याचा अर्थ दोरी २८ इंचांपर्यंत खेचल्यास हाताला ४० पौंडांचा भार जाणवतो. २८ हा आकडा बहुधा त्या धनुष्याची मर्यादाही असते. लांब हातांच्या व्यक्तीने तेच धनुष्य ३० इंचांपर्यंत खेचल्यास पोटाकडील तंतू कायमचे दबतात किंवा धनुष्य मोडते. म्हणून धनुष्य घेण्यापूर्वी स्वतःच्या ओढीची लांबी मोजून ती कारागिरास सांगावी. नवशिक्याने आपल्या ताकदीच्या मानाने हलके धनुष्य घ्यावे. जड धनुष्य नीट खेचता न आल्याने नेम तर चुकतोच, शिवाय खांद्यालाही इजा होते.

दोरी चढविणे व उतरविणे

दोन्ही टोकांना सारखा ताण देणारी चढदोरी वापरणे हा दोरी चढविण्याचा सर्वांत सुरक्षित मार्ग आहे. धनुष्य पायात अडकवून मांडीवरून वाकविण्याच्या पद्धतीत भुजेला पीळ बसण्याचा धोका असतो. दोरी चढल्यावर ती दोन्ही खाचांत नीट बसली आहे आणि भुजांच्या मधोमध येते आहे, याची खात्री करून घ्यावी.

दोरी व मूठ यांतील अंतर कारागिराने सांगितले असेल तेवढेच ठेवावे. लाँगबोसाठी पूर्वापार एक सोपे माप आहे : मुठीवर हाताची मूठ ठेवून अंगठा ताठ उभा केल्यावर तो दोरीला लागावा. हे अंतर साधारण सहा ते सात इंच भरते. ते कमी असल्यास दोरी मनगटावर आपटते. जास्त असल्यास लाकडावर विनाकारण ताण राहतो.

नेमबाजी संपताच दोरी उतरवून ठेवावी. लाकूड दीर्घकाळ वाकलेल्या अवस्थेत राहिल्यास त्या वाकाची सवय धरते आणि बाणाचा वेग घटतो. या कायमच्या वाकास ‘दोरीमागे जाणे’ म्हणतात. एक-दोन इंचांचा असा वाक बहुतेक एकसंध धनुष्यांत येतोच व तो दोष मानला जात नाही. तो सतत वाढत राहिल्यास मात्र धनुष्य दमट झाले आहे किंवा मर्यादेपलीकडे खेचले जात आहे असे समजावे.

वापरताना घ्यावयाची काळजी

१. बाण न लावता दोरी खेचून सोडू नये. बाणाबरोबर जाणारी ऊर्जा अशा वेळी भुजांमध्येच परतते व धनुष्य जागीच फुटू शकते.

२. बाण फार हलका नसावा. ओढीच्या प्रत्येक पौंडामागे सुमारे १० ग्रेन वजन हे सर्वमान्य प्रमाण आहे. म्हणजे ४० पौंडांच्या धनुष्यासाठी ४०० ग्रेन, अर्थात सुमारे २६ ग्रॅमचा बाण. त्याहून फार हलका बाण म्हणजे जवळजवळ रिकामे सोडणेच होय.

३. सुरुवातीस दोरी काही वेळा अर्ध्यापर्यंत खेचून हळूच परत आणावी, नंतर पूर्ण ओढ घ्यावी. थंड हवेत हे विशेष आवश्यक असते.

४. पूर्ण ओढीवर दोन-तीन सेकंदांहून अधिक काळ थांबू नये.

५. मर्यादा ठाऊक नसलेल्या व्यक्तीच्या हाती धनुष्य देऊ नये. पाहुण्यांनी गंमत म्हणून खेचून पाहताना मोडलेली धनुष्ये थोडी नाहीत.

दोरीसाठी डॅक्रॉनसारखा किंचित ताणला जाणारा धागा योग्य असतो. न ताणले जाणारे आधुनिक धागे खाचांना मोठा हिसका देतात. त्यामुळे मजबूत केलेल्या खाचा नसतील तर ते टाळावेत. दोरीला वेळोवेळी मधमाशांचे मेण चोळावे व एकही पेड तुटलेला दिसताच ती बदलावी. सोडण्याच्या क्षणी दोरी तुटणे हे रिकामे सोडण्याइतकेच घातक असते.

आर्द्रता, ऋतू व साठवण

धनुष्याच्या लाकडात साधारणतः ८ ते १० टक्के ओलावा योग्य मानला जातो. लाकूड आसपासच्या हवेतून पाणी घेते व सोडते. हवेची सापेक्ष आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास असताना हा समतोल आपोआप राखला जातो. ती दीर्घकाळ ८० टक्के राहिल्यास लाकडातील ओलावा सुमारे १६ टक्क्यांपर्यंत चढतो. असे लाकूड मोडत नाही, पण मऊ पडते व वाक धरते. उलट हवा फार कोरडी असेल, तर लाकूड ठिसूळ होऊन तडकते. कोकणातील पावसाळा आणि विदर्भातील मे महिना ही या दोन टोकांची उदाहरणे होत. वार्निश किंवा तेल ही देवाणघेवाण मंद करते, थांबवीत नाही. म्हणून कोकणात पावसाळ्यात धनुष्य घरातल्या त्यातल्या त्यात कोरड्या खोलीत ठेवावे, आणि विदर्भात उन्हाळ्यात हवेचा कोरडेपणा फार असताना पूर्ण ओढ टाळावी.

दोरी उतरविलेले धनुष्य भिंतीवरील दोन खुंट्यांवर आडवे ठेवावे किंवा वरच्या टोकाने टांगावे. कोपऱ्यात उभे टेकवून ठेवल्यास खालची भुजा हळूहळू वाकडी होते. आवरण कापडी असावे. प्लास्टिकच्या पिशवीत ओलावा कोंडला जातो. स्वयंपाकघराची भिंत, न्हाणीघराची बाजू, थेट ऊन व उन्हात उभी केलेली मोटार या जागा टाळाव्यात. भिजलेले धनुष्य कोरड्या फडक्याने पुसून सावलीत वाळू द्यावे. ते चुलीजवळ किंवा हीटरसमोर धरू नये.

मेण लावलेल्या फडक्याने धनुष्य रोज चोळावे, असा सल्ला अ‍ॅशमने दिला होता. तेल लावून घडविलेल्या धनुष्यास वर्षातून एक-दोनदा जवसाच्या तेलाचा पातळ हात द्यावा. हे तेल वाळून लाकडावर पापुद्रा धरते. खोबरेल वाळत नाही, म्हणून ते वापरू नये. जवसाचे तेल लागलेली फडकी चुरगळून ठेवल्यास आपोआप पेट घेऊ शकतात. ती पसरून उघड्यावर वाळवावीत.

बांबू व रसकाष्ठ यांना भुंगेऱ्यांचा उपद्रव होतो. बारीक छिद्रे व त्यांखाली पिठासारखा भुसा दिसल्यास ते धनुष्य इतरांपासून वेगळे काढावे आणि तपासल्याशिवाय वापरू नये.

बिघाडाची लक्षणे

प्रत्येक वेळी दोरी चढविण्यापूर्वी धनुष्य उजेडात फिरवून पाहावे. पाठीवरून कापसाचा बोळा फिरविल्यास उचकटलेला तंतू डोळ्यांना दिसण्यापूर्वीच कापूस त्यात अडकतो. अशी लहान ढलपी वेळीच चिकटवून वर दोऱ्याचे आवळून वेढे दिल्यास धनुष्य पुढे अनेक वर्षे टिकते.

पोटावर आडव्या बारीक सुरकुत्यांसारख्या रेषा दिसल्यास तेथील तंतू दाबाने चुरडले आहेत असे समजावे. हा दोष पुसला जात नाही. धनुष्य अनुभवी कारागिरास दाखवून त्याचा भार कमी करून घ्यावा लागतो. तंतूंच्या दिशेने गेलेली उभी भेग, ती कडेतून बाहेर पडत नसेल तर, बहुधा निरुपद्रवी असते. पाठीवरील आडवी चीर मात्र धनुष्याचा शेवट दर्शविते. असे धनुष्य पुन्हा ताणू नये, कारण मोडताना त्याचे तुकडे डोक्याच्या व डोळ्यांच्या दिशेने उडतात.

वारशाने मिळालेले किंवा अनेक वर्षे भिंतीवर राहिलेले धनुष्य कुतूहलापोटीही लगेच खेचू नये. त्यातील लाकूड कोरडे पडलेले असते आणि त्याची मर्यादा सांगणारे बहुधा कोणी उरलेले नसते. जाणकाराने तपासून टप्प्याटप्प्याने वाकविल्यानंतरच ते वापरता येते. अन्यथा ते तसेच जतन करणे योग्य ठरते.

हेही पाहा

धनुर्विद्या, तिरंदाजी, भिल्ल, बांबू, मेरी रोझ