घरगल्ली आणि हलालखोर

माझे मामू डोंगरीत तिसऱ्या मजल्यावर राहत. शाळेच्या सुट्टीत आम्ही भावंडे गावाहून त्यांच्याकडे जायचो. खोलीला दोन खिडक्या. रस्त्याकडच्या खिडकीत बसण्यासाठी आमची भांडणे व्हायची, मागची मात्र कायम बंद. "तिकडे घरगल्ली आहे," एवढेच मुमानी सांगायच्या. एकदा मी ती उघडली. समोरच्या इमारतीची भिंत हाताशी येईल एवढी फट, खाली काळे पाणी आणि त्यात उभा राहून झाडू मारणारा एक माणूस. त्याने वर पाहिले. मी खिडकी लावून घेतली.

दोन चाळींच्या पाठींमध्ये ही फट का सोडत, हे फार उशिरा कळले. मुंबईत घरोघरी ड्रेनेज येण्याआधी संडास टोपलीचे होते. संडासाची रांग इमारतीच्या मागच्या अंगाला आणि टोपल्या तळाशी. त्या उचलणाऱ्या माणसाने पुढच्या दाराने यायचे नाही, जिना चढायचा नाही, कुणाच्या अंगावरून जायचे नाही. त्याची वाट वेगळी हवी म्हणून घरगल्ली. हवा-उजेडाचे कारण कागदावर होतेच, पण काही फुटांच्या त्या फटीतून उजेड किती येणार!

या माणसाला नगरपालिकेच्या दप्तरात नाव होते हलालखोर. १८८८च्या मुंबई महापालिका कायद्यात पाणीपट्टीच्या शेजारी चक्क 'हलालखोर कर' आहे. आज आपण भरतो तो मलनिःसारण कर त्याचाच वारस. शब्द मात्र इंग्रजांचा नाही. अबुल फजलच्या 'आईन-ए-अकबरी'त नोंद आहे की, झाडूवाल्या खाकरूबांना बादशहा हलालखोर म्हणतात. हलालखोर म्हणजे हलालची, कष्टाची कमाई खाणारा. अकबराच्या उदारतेचे दाखले देताना आपण हे कौतुकाने सांगतो. नाव सुधारले, काम तेच राहिले, हे सांगायचे राहून जाते.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकाशियो व्हिएगस यांनी प्लेगचा रुग्ण ओळखला. शहरातून लोक पळू लागले. तेव्हाचे आयुक्त स्नो यांना सर्वांत मोठी धास्ती व्यापाऱ्यांच्या जाण्याची नव्हती, हलालखोरांच्या जाण्याची होती. ते गेले तर काही दिवसांत मुंबई राहण्यालायक उरणार नाही, हे त्यांनी आपल्या अहवालात उघड लिहिले आहे. रुग्णांना सक्तीने हलवण्याचे नियम सुरुवातीला सैल झाले, त्यामागे ही भीतीही होती. ज्याने दिसू नये म्हणून गल्ली बांधली, त्याच्यावर शहर उभे होते.

प्लेगनंतर १८९८च्या कायद्याने इम्प्रुव्हमेंट ट्रस्ट आला आणि मुंबईच्या पाठी मोहल्ल्यागणिक वेगळ्या झाल्या. ट्रस्टने नागपाड्यात पाडापाडी केली, प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड, मोहम्मद अली रोड असे रुंद रस्ते काढले. रस्त्यावर नवी दर्शनी इमारत, पण चार पावले आत गेलात की जुनी घरगल्ली तशीच. दादर-माटुंग्याला मोकळी जमीन होती. तिथे आधी रस्ते आणि गटारे, मग घरे. खोलीत उजेड पडावा म्हणून साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनाचा नियम होता. म्हणून हिंदू कॉलनी, पारशी कॉलनीत इमारतीमागे आजही झाड उभे राहू शकते. गिरगावात खोताच्या वाडीतली लाकडी घरे बुटकी, त्यामुळे मागची वाटही मोकळी वाटते. जवळच्या चाळींत मात्र तीच डोंगरीची फट. फोर्ट-भायखळ्याच्या जुन्या इमारतींना मागून लोखंडी गोल जिने आहेत. पर्यटक त्यांचे फोटो काढतात. ते मेहतरासाठी होते. धारावीच्या दाट वस्तीत घरे पाठीला पाठ लावून आहेत, गटार दारासमोरून जाते. तिथे लपवायला मागची बाजूच नाही.

भेंडी बाजाराचे नाव 'बिहाइंड द बझार'वरून पडले अशी एक गोष्ट सांगतात. खरी असो-नसो, पाठीमागे असण्याची त्या मोहल्ल्याला तक्रार आहे आणि ती रास्त आहे. पण आपल्याही मोहल्ल्याला पाठ होती. मशिदीत एका सफेत उभे राहतो हे आपण अभिमानाने सांगतो. १९०१च्या जनगणनेत बंगालच्या अधीक्षकांनी लिहिले होते की हलालखोर, लालबेगी अशा 'अरजल' मुसलमानांना काही ठिकाणी मशिदीत आणि सार्वजनिक कब्रस्तानात मज्जाव आहे. बाबासाहेबांनी पाकिस्तानवरच्या ग्रंथात हा उतारा घेतला. आपल्याकडे तो वाचला जातो तो बहुधा रागाने, आणि लगेच 'हे इस्लाममध्ये नाही' असे उत्तर येते. इस्लाममध्ये नाहीच. प्रश्न आपल्या इमारतींच्या मागे काय होते, हा आहे.

मुंबईतले बहुतेक सफाई कामगार गुजरात-काठियावाडातून आलेले दलित होते. उत्तर हिंदुस्थानात मात्र हलालखोर ही मुस्लिम जात आहे. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला; १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. मुस्लिम आणि ख्रिश्चन आजही बाहेर आहेत. टोपली तीच उचलली, सवलत मिळाली नाही. सच्चर समितीने २००६ मध्ये अरजलांची वेगळी दखल घेतली, तेव्हा आपल्या जलशांत चर्चा झाली ती 'मुस्लिमांची टक्केवारी' एवढीच. मीही तेव्हा त्याच आकड्यांवर लेख लिहिला होता, अरजल हा शब्द त्यात एकदाही नव्हता.

भेंडी बाजारात आता सुमारे अडीचशे जुन्या इमारती पाडून टॉवर उभे राहत आहेत. डोंगरीतली मामूंची इमारत अजून आहे. गेल्या वर्षी गेलो तर मागच्या खिडकीत एसी बसवलेला दिसला. त्याचे पाणी खाली घरगल्लीत ठिबकत होते आणि गमबूट घातलेला पालिकेचा माणूस प्लास्टिकच्या पिशव्या ओढून काढत होता. शेजाऱ्यांना त्याचे नाव विचारले. वीस वर्षे तोच येतो म्हणाले, नाव कुणालाच सांगता आले नाही.