निकालाच्या शेऱ्याची कुळकथा

दप्तरातून वरिष्ठांकडे कागद रवाना झाला, की तो मंजूर झाला, नामंजूर झाला, की तपशील अपुरा म्हणून परत आला, हे सांगणारा शेरा येईपर्यंत कारकुनाचे काम पुरे होत नाही. व्यापारी व्यवहारांच्या संगणकीय प्रोग्रॅममध्येही एक भाग दुसऱ्याला काम सांगतो, तेव्हा असाच शेरा परत यावा लागतो. आणि या शेऱ्याचे रूप कसकसे पालटत गेले हा इतिहास, नव्या नव्या यंत्रांच्या कौतुकात झाकून गेला असला तरी, मला त्या यंत्रांच्या इतिहासाहून अधिक मोलाचा वाटतो.

७ एप्रिल १९६४ रोजी आयबीएमने सिस्टिम/३६० ही यंत्रमालिका जाहीर केली. तिच्यावर चालणाऱ्या प्रोग्रॅमने काम आटोपून परतताना १५ क्रमांकाच्या रजिस्टरमध्ये एक आकडा ठेवावा, असा रिवाज पडला: शून्य म्हणजे सुरळीत, ४ म्हणजे इशारा, ८ म्हणजे चूक, १२ म्हणजे गंभीर चूक आणि १६ म्हणजे पुढे जाणेच अशक्य. हे आकडे चारच्याच पटीत का, याचे उत्तर यंत्राच्या घडणीत सापडते. दुसरीकडे उडी घेण्याची नेहमीची सूचना चार बाइटांची असल्यामुळे, अशा सूचना एकाखाली एक मांडून ठेवल्या आणि त्या यादीच्या आरंभस्थानात परत आलेला आकडा मिळवला, की एकही तुलना न करता नेमक्या त्या निकालाच्या सूचनेवर पोहोचता येई. ही काटकसर खरोखर सुंदर होती. परंतु कोणती नोंद चुकली आणि का चुकली, याविषयी तो ८ हा आकडा संपूर्ण मुका होता.

हा मुकेपणा थोडा कमी करणारी, फाइल स्टेटस ही दोन चिन्हांची जागा १९७४ च्या प्रमाणित कोबोल भाषेत आली. पहिले चिन्ह निकालाचा वर्ग सांगे, दुसरे तपशील: ‘१०’ म्हणजे फाइल संपली, ‘२३’ म्हणजे मागितलेली नोंद सापडली नाही.

आयबीएम सोडलेल्या पाच जणांनी १९७२ साली जर्मनीत स्थापन केलेल्या सॅपने १९९२ मध्ये आर/३ ही प्रणाली आणली, आणि पुढे त्याच दशकात बाहेरच्या प्रोग्रॅमांसाठी ‘बापी’ नावाचे दरवाजे उघडले. तेथे मात्र शेऱ्याला पूर्ण छापील नमुन्याचे रूप मिळाले. ‘बापीरेट२’ या रचनेत निकालाची जात सांगणारे एक अक्षर असते (यशाला एस, इशाऱ्याला डब्ल्यू, चुकीला ई, माहितीला आय, काम तोडण्याला ए). त्यामागून संदेशाचा वर्ग, तीन अंकी क्रमांक, २२० अक्षरांपर्यंतचा मजकूर, त्या मजकुरातील चार रिकाम्या जागांत भरावयाची मूल्ये, आणि शेवटी कोणत्या ओळीत, कोणत्या रकान्यात दोष आहे त्याचा पत्ता. अनेक कलमांच्या ऑर्डरीतील तिसऱ्या कलमाचे परिमाण चुकले, तर शेरा नेमके तेथेच बोट ठेवू शकतो. मजकुराचा साचा प्रत्येक भाषेत निराळा ठेवलेला असून मूल्ये तेवढी वेगळी येतात, म्हणून तोच शेरा जर्मन हिशेबनिसाला जर्मनमध्ये व इंग्रजाला इंग्रजीत वाचता येतो. एका कामाचे शेरे अनेक असू शकतात, हे ओळखून पुष्कळ ठिकाणी ते तक्त्याच्या रूपानेच परत येतात. या नमुन्यामागची दृष्टी मला थोर वाटते, कारण येथे शेरा यंत्राच्या सोयीने न लिहिता, चूक दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या सोयीने लिहिला गेला.

तरीही एक उणीव राहिलीच. तक्त्यात ‘ई’ची ओळ आली असतानाही बोलावणाऱ्याने तो तक्ता न उघडता पुढचे पाऊल टाकले, तर त्याला अडविणारे कोणी नसते, पडद्यावर ‘ऑर्डर नोंदली’ असे झळकते आणि दप्तरी ऑर्डरच दाखल झालेली नसते.

या उणिवेवर उपाय निघाला तो भाषांच्या व्याकरणातून. रॉबिन मिल्नर यांनी १९७० च्या दशकात एडिंबरा येथे घडविलेल्या एमएल भाषेच्या परंपरेतून, मूल्य किंवा चूक यांपैकी एकच धारण करणारा प्रकार रूढ झाला. २०१५ साली पहिली स्थिर आवृत्ती निघालेल्या रस्ट भाषेत ‘रिझल्ट’ हा प्रकार तसाच आहे: आतले मूल्य हवे असेल तर चुकीचे काय करावयाचे हे लिहावेच लागते, आणि निकाल तसाच टाकून दिला तर कंपायलर इशारा देतो. बापीखाली मात्र शेऱ्यांच्या तक्त्यातून ‘ई’ आणि ‘ए’ शोधणारे लूप आजही प्रोग्रॅमरला आठवणीने, स्वतःच्या हाताने लिहावे लागते.