बदलीचा एक हुकूम आणि मुंबई विद्यापीठाचे पहिले चार पदवीधर

१/ वालावलचे लक्ष्मीनारायण मंदिर पाहून कर्ली नदीच्या प्रवाहाबरोबर खाली जावे, तर देवबागपाशी समुद्र भेटतो आणि मालवण फारसे दूर राहत नाही. त्या मालवणात ६ जुलै १८३७ रोजी रामकृष्ण गोपाळ भांडारकर जन्मले. वडील महसूल खात्यात कारकून.

२/ वडिलांची रत्नागिरीस बदली झाली. तेथे इंग्रजी शाळा होती, म्हणून मुलाची वाट मोकळी झाली. १८५३ मध्ये तो मुंबईस एल्फिन्स्टनमध्ये दाखल झाला. तो हुकूम निघालाच नसता तर? असे प्रश्न इतिहासात विचारू नयेत म्हणतात. मात्र ज्यांच्या वडिलांची बदली कधी झालीच नाही, अशी कोकणातली मुले किती असतील, हे विचारायला हवे.

३/ १८५७ मध्ये स्थापन झालेले मुंबई विद्यापीठ लंडनच्या धर्तीवरचे होते. ते स्वतः शिकवीत नसे, परीक्षा घेई. १८६२ मध्ये त्याचे पहिले पदवीधर बाहेर पडले: महादेव गोविंद रानडे, भांडारकर, वामन आबाजी मोडक आणि बाळ मंगेश वागळे. एवढ्या विस्तीर्ण इलाख्यातून अवघे चार!

४/ या शिक्षणातून आपणांस विश्वासू नोकरवर्ग मिळावा, हाही सरकारचा एक हेतू होता. भांडारकरांनी नोकरी केलीही. पण शिलालेख, ताम्रपट आणि पोथ्या हाती घेऊन ते दख्खनचा कालक्रम स्वतः लावू लागले. नाशिकच्या लेण्यांतील लेखांवरचा त्यांचा निबंध १८७४ च्या लंडन येथील प्राच्यविद्या परिषदेस गेला. १८८४ मध्ये दख्खनचा प्राचीन इतिहास प्रसिद्ध झाला, १८८५ मध्ये जर्मनीतील गॉटिंगेन विद्यापीठाने डॉक्टरेट दिली आणि १८८६ मध्ये व्हिएन्नाच्या परिषदेत ते जातीने उपस्थित होते. आपल्या प्राचीन इतिहासाचा निवाडा युरोपातच व्हावा, ही रीत येथे मोडू लागली. माझ्या मते त्या पदवीचे खरे मोल हे.

५/ १८८४ मध्येच पुण्यात मुलींचे हायस्कूल, म्हणजे आजची हुजूरपागा, निघाले. त्यामागे रानडे, मोडक यांच्यासह भांडारकरही होते. १८९३ मध्ये ते ज्या विद्यापीठाचे पदवीधर, त्याचेच कुलगुरू झाले. १९१७ मध्ये त्यांच्या नावाने पुण्यात प्राच्यविद्या संशोधन मंदिर उभे राहिले. तेथे १९१९ मध्ये आरंभलेली महाभारताची चिकित्सित आवृत्ती पुरी व्हायला १९६६ उजाडले.

६/ वालावलची मुलगी आज कुडाळच्या महाविद्यालयातून पदवी घेते, तेव्हा तिच्या प्रमाणपत्रावर नाव त्याच मुंबई विद्यापीठाचे असते. त्यासाठी वडिलांच्या बदलीची वाट पाहावी लागत नाही.