आखूड केसांची बाई

आज बचतीचा, कर्जाच्या हप्त्याचा विषय नाही. आज केसांबद्दल बोलायचं आहे. तुम्ही म्हणाल, केसांत कसला आलाय इतिहास? फणीतले गळालेले केस साठवायचे आणि केसांवर भांडी देणारी बाई आली की तिला द्यायचे, एवढाच आपला हिशेब. पण आपल्या महाराष्ट्रात बाईच्या केसांवरून सभा झाल्या, ठराव झाले, पुस्तकं लिहिली गेली. ते माहीत असावं, म्हणून हा विषय घेतला.

हल्ली सकाळी गावाबाहेरच्या रस्त्याला पोलीस भरतीच्या मुली पळताना दिसतात. त्यांतल्या बऱ्याच जणींनी बॉयकट केलेला असतो. घाम येतो, केस वाळवायला वेळ नसतो, कारण साधं आहे. पण हीच मुलगी बसमध्ये बायकांच्या जागेवर बसली की मागून एखादे आजोबा म्हणतात, "ऊठ रे बाळा, बायांची जागा आहे ती." बायांच्या संडासाच्या दारात तिला कुणीतरी अडवतं. आमच्या एका गटाच्या बैठकीत अशी एक मुलगी आईसोबत आली, तर कोपऱ्यातल्या आज्जी म्हणाल्या, "कोणाचं गं हे पोरगं? बायांत कशाला बसवलंत?" सगळ्या हसल्या, पोरगीही हसली. पण पुढच्या बैठकीला ती डोक्याला ओढणी बांधून आली.

म्हणजे समोरची बाई आहे की बुवा, हे आपण चेहऱ्याआधी केसांवरून ठरवतो. केस गेले की बाईपण गेलं, ही समजूत जुनी आहे आणि एके काळी ती मुद्दाम वापरली गेली.

केशवपन हा शब्द तुम्ही ऐकला असेल. ब्राह्मणांत आणि काही वरच्या जातींत नवरा वारला की बाईचं डोकं वस्तऱ्यानं भादरत. एकदाच नाही, केस वाढले की पुन्हा न्हाव्याला बोलावणं, असं जन्मभर. अंगावर तांबडं आलवण, एक वेळचं जेवण, शुभकार्यात तोंड दाखवायचं नाही. विधवेनं वेणी घातली तर मेलेला नवरा परलोकी बांधला जातो, असं पोथ्यांतून सांगितलेलं. खरं कारण उघड होतं. बाई पुरुषाच्या नजरेला बाई दिसू नये. त्यातल्या किती तरी जणी आठ-दहा वर्षांच्या पोरी होत्या, ज्यांना नवरा म्हणजे काय तेही कळलं नव्हतं.

शेतकरी, कष्टकरी जातींत केशवपन नव्हतं, बऱ्याच ठिकाणी पाट लागायचा. पण म्हणून आपण फार पुढारलेल्या होतो असं मला वाटत नाही. आपल्याकडे केस राहिले, बांगड्या फुटल्या. पुढे ऐपत वाढली तशी काही घरांनी वरच्यांचं बघून पाटही बंद केला.

याविरुद्ध जोरात लिहिलं ते आपल्या शेजारच्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी, १८८२ साली, 'स्त्री-पुरुष तुलना' या पुस्तकात. त्यांचा सवाल सरळ होता. नवरा मेला म्हणून बाईनं विद्रूप व्हायचं, तर बायको मेल्यावर नवऱ्यानं दाढीमिशा का उतरवू नयेत? त्यानं तर दहाव्या दिवशीच दुसरी बघायची! एकशे चाळीस वर्षांनीही या सवालाला उत्तर देणारा पुरुष मला भेटला नाही.

आणि मग १८९० साली मुंबईत जे झालं ते ऐका. महात्मा फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक चळवळीतले नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं तिथल्या नाभिक बांधवांची सभा झाली. शेकडो जण जमले आणि त्यांनी ठरवलं की विधवेच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही. या लोकांचं पोट हातावर. ज्या घरांनी बोलवायचं ती घरं पैशाची, मानाची. तरी म्हणाले, हे पाप आमच्या हातून नको. शाळेच्या पुस्तकात हे दोन ओळींत उरकतात, मला मात्र ही फार मोठी गोष्ट वाटते. आगरकर 'सुधारक'मधून केशवपनावर लिहीत होते, हरिभाऊ आपट्यांच्या 'पण लक्षात कोण घेतो?' या कादंबरीतल्या यमूचं जबरदस्तीनं केलेलं केशवपन वाचून घरोघरच्या बाया रडल्या असतील. पण वस्तरा ज्यांच्या हातात होता त्यांनीच तो खाली ठेवणं, याचं वजन वेगळं.

आता मला जिच्याबद्दल जास्त सांगायचं आहे ती बाई. पार्वतीबाई आठवले. महर्षी धोंडो केशव कर्वे तुम्हाला माहीत आहेत. त्यांनी १८९३ साली गोदूबाई या बालविधवेशी लग्न केलं आणि त्यासाठी बहिष्कार सोसला. पार्वतीबाई या गोदूबाईंच्या बहीण. कोकणातल्या देवरुखच्या. तरुणपणी विधवा झाल्या, पदरात एक मुलगा, डोकं भादरलेलं. बहिणीसारखं दुसरं लग्न त्यांनी केलं नाही. पुण्याजवळ हिंगण्याला कर्व्यांच्या विधवांच्या आश्रमात आल्या, शिकल्या आणि आश्रमासाठी वर्गणी मागत गावोगाव फिरल्या. एकटी बाई, लोकांच्या दारात उभं राहून विधवांच्या शिक्षणासाठी पैसे मागायचे, त्या काळात!

आणि या सगळ्या वर्षांत त्यांचं डोकं भादरलेलंच होतं. का? मला वाटतं, आपल्यातल्या ज्या कोणी चार दारं फिरून गट उभा केला आहे, तिला हे लगेच कळेल. लोकांना पटण्यासारखं राहावं लागतं. सोवळ्या बाईला जुन्या घरातही पाट मांडून बसवत, तिचं ऐकत. शेवटी वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, म्हणजे १९१२च्या सुमारास, त्यांनी केशवपन थांबवलं आणि केस वाढू दिले. हे सगळं त्यांनी 'माझी कहाणी' या आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे.

विचार करा. भादरलेल्या डोक्यावर केस येतात तेव्हा आधी महिना-दोन महिने खुंट असतात, मग पोरासारखे बारीक केस, आणि वेणी घालण्याएवढे व्हायला दोन वर्षं तरी. तेवढा काळ बाई ना सोवळी, ना वेणीवाली. लोक टकामका बघणार, कुजबुजणार. पार्वतीबाईंवर टीका झालीच. त्या थांबल्या नाहीत. १९१८ साली तर एकट्या अमेरिकेला गेल्या, मोडकं इंग्रजी घेऊन. तिथं लोकांच्या घरी घरकाम केलं, इंग्रजी शिकल्या, आश्रमासाठी पैसे जमवले. त्याच सुमारास तिकडच्या पोरी आपणहून वेण्या कापून बॉबकट करू लागल्या होत्या आणि त्यांच्या घरचे बाप-नवरे डोक्याला हात लावून बसले होते. इकडची बाई केस वाढवले म्हणून बोलणी खाते, तिकडची कापले म्हणून.

पंडिता रमाबाईंचा फोटो कधी बघा. पांढरं लुगडं आणि केस आखूड कापलेले, मानेवर वेणी नाही की अंबाडा नाही. १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढलं ते यांनीच. पार्वतीबाईंच्या बहीण गोदूबाई तिथंच शिकल्या.

हे झालं मुंबई-पुण्याकडचं. आपला परभणी जिल्हा त्या वेळी निजामाच्या राज्यात. इथं पुढे १९४८पर्यंत वेगळीच लढाई चालली आणि तिच्यात पुरुषासारखं दिसणं हे एका बाईचं हत्यार झालं. जालना जिल्ह्यात बदनापूर तालुक्यातल्या धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके. पुरुषाचा वेश करून घोड्यावर बसायच्या, रझाकारांच्या विरोधात लढायच्या. मराठवाड्याची झाशीची राणी म्हणतात त्यांना. बाई म्हणून जे रस्ते बंद होते ते त्या कपड्यांनी उघडले. दूर फ्रान्स देशात जवळपास सहाशे वर्षांपूर्वी जोन नावाच्या शेतकऱ्याच्या पोरीनं असेच केस कापून, पुरुषी कपडे घालून सैन्य चालवलं होतं. १४३१ साली तिला जिवंत जाळलं, आणि तिच्यावरच्या आरोपांत पुरुषी कपडे आणि कापलेले केस हाही एक आरोप होता. दगडाबाई मात्र जिंकल्या आणि म्हाताऱ्या होऊन गेल्या, हे आपलं नशीब.

आता एक गंमत सांगते. आपल्याकडून कितीतरी जणी तिरुपतीला जातात, नवस फेडायला पूर्ण गोटा करून येतात. गावात कुणी अपशकुन म्हणतं का? उलट विचारतात, "बालाजीला जाऊन आलात का काकू?" आणि प्रसाद मागतात. डोकं तेच, वस्तराही तोच.

उलटी गोष्ट जटेची. केसांत गुंता होतो, वेळेवर विंचरला जात नाही, त्याची जट होते, आणि लोक म्हणतात देवी आली, आता कापायची नाही. मान दुखते, वास येतो, उवा होतात, झोप लागत नाही. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या पुण्याच्या नंदिनी जाधव यांनी अशा दोनशेहून जास्त बायांच्या जटा समजूत काढून कापल्या आहेत. जट कापायची भीती देवीची असते हे खरं, पण मला एका मावशींनी वेगळंच सांगितलं होतं. "जट गेल्यावर मी पोरासारखी दिसंन, लोकं काय म्हणतील?" इतकी वर्षं मान मोडली ती यासाठीही. अहो, आपल्या गंगाखेडच्या जनाबाईचे केस विंचरायला, उवा काढायला प्रत्यक्ष विठ्ठल बसला असं आपण सांगतो. तो काही जट वाढव म्हणाला नाही.

केस, कुंकू, बांगड्या, जोडवी. बाईला ओळखायच्या या खुणा, आणि नवरा गेला की याच काढून घ्यायच्या. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं ४ मे २०२२ला ग्रामसभेत ठराव केला की आमच्या गावात नवरा गेलेल्या बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र तोडायचं नाही, जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात, १७ मेला सरकारनंही परिपत्रक काढून बाकीच्या गावांना तसं करायला सांगितलं. आपल्या किती गावांनी केलं? आपल्या गटांत नवरा गेलेल्या बाया सगळ्यांत नेमानं हप्ता भरतात, आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्यांनाच कोपऱ्यात बसवतो आपण.

येत्या ग्रामसभेला ज्यांना हा ठराव मांडायचा असेल त्यांनी ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे १७ मे २०२२चं परिपत्रक मागा. ठराव कसा लिहायचा ते गटाच्या पुढच्या बैठकीत मिळून बसवू. आणि येताना ती भरतीवाली पोरगी कुणाच्या घरची असेल तर तिलाही सोबत आणा. ठराव मोठ्यानं वाचून दाखवायला तिच्याइतका खणखणीत आवाज आमच्या गटात दुसरा नाही.