हिमपहाऱ्याचा पोषाख : हिंगोलीच्या छावणीपासून सियाचेनपर्यंत

औंढा नागनाथ हें नांव उच्चारलें म्हणजे मराठी माणसाच्या डोळ्यांपुढें प्रथम तें काळ्या पाषाणाचें कोरीव देऊळ उभें राहतें, आणि त्यामागोमाग नामदेवांची आठवण होते. नामदेवांना विसोबा खेचर याच क्षेत्रीं भेटले असें परंपरा सांगते. कीर्तनासाठीं देऊळ फिरल्याची कथा तर लहान मुलांनाहि ठाऊक असते. आजच्या भाषणाचा विषय मात्र भक्तीचा नसून कपड्याचा आहे. तथापि त्या बाबतींतहि नामदेवांचें स्मरण अप्रस्तुत ठरूं नये, कारण त्यांचें कुळ शिंप्याचें होतें आणि आपणांस पुढें जो विचार करावयाचा आहे, तो बहुतेक सगळा कात्री, गज आणि सुई यांचाच आहे.

बर्फाच्या उतारावर गस्त घालणाऱ्या, घसरून पडलेल्यांना व दरडीखालीं सांपडलेल्यांना खालीं आणणाऱ्या माणसानें कसलें जाकीट घालावें आणि कसली विजार निवडावी, हा प्रश्न औंढ्याच्या वेशींत उभें राहून विचारणें कोणास विनोदाचें वाटेल. येथें बर्फ पडत नाहीं. परंतु ज्या सैन्याच्या वारसांनीं हिमालयांतील अत्यंत कठीण पहारे केले, त्या सैन्याचें एक ठाणें येथून सात-आठ कोसांवर हिंगोलीस होतें. तेव्हां हा प्रश्न या मुलखाला परका नाहीं.

प्रथम आपल्या घरचें वस्त्र पाहूं. उघड्यावर रात्र काढणाऱ्या माणसाचा दख्खनमधील जुना पोषाख म्हणजे घोंगडी. दख्खनी मेंढीची लोंकर आंखूड, जाड आणि बहुधा काळी असते. धनगरांच्या घरच्या स्त्रियांनीं ती कांतावी, सणगरांनीं मागावर विणावी आणि चिंचोक्यांची खळ देऊन तिला ताठपणा आणावा, अशी ही पद्धत. मेंढीच्या अंगची नैसर्गिक स्निग्धता लोंकरींत कांहीं अंशीं उरलेली असते, त्यामुळें पावसाचा पहिला मारा घोंगडीवरून ओघळून जातो. पुढें ती भिजली तरी लोंकरीचा तंतु ओल आपल्या पोटांत घेतो आणि त्याच्या कुरळेपणामुळें मधली हवा कायम राहते. म्हणून ओली घोंगडीहि ऊब देते. सुती कापडाचें याच्या नेमकें उलट आहे. तें भिजलें कीं अंगाला चिकटतें आणि शरीराची उष्णता शोषून घेतें. मेंढपाळाला हें शास्त्र कोणी शिकविलें नव्हतें, परंतु भर पावसांत घोंगडीची खोळ डोक्यावर घेऊन कळपामागें उभा असलेला धनगर तें रोज सिद्ध करीत असे.

घोंगडीचे दोष मात्र लपविण्यांत अर्थ नाहीं. ती जड असते, भिजल्यावर अधिकच जड होते. आणि तिला शिवण नसल्यामुळें ती सांवरण्यांत एक हात गुंतून पडतो. उभें राहून राखण करणाऱ्याचें त्यानें भागतें. ज्याला दोन्ही हातांनीं दोर ओढावयाचा आहे, जखमी माणूस उचलावयाचा आहे किंवा बंदूक धरावयाची आहे, त्याचें भागत नाहीं. ऊब देणें हें विणकराचें काम खरें, पण हात मोकळे करणें हें शिंप्याचें काम आहे. आणि पोषाखाच्या इतिहासांत या दुसऱ्या कामाची थोरवी आपण फारशी ओळखीत नाहीं असें मला वाटतें.

आतां हिंगोलीकडे वळूं. निजामाच्या राज्यांत इंग्रज अंमलदारांच्या हाताखालीं जें सैन्य उभें राहिलें, त्याला १८५३ च्या तहानंतर हैदराबाद कंटिंजंट असें नांव पडलें. त्याच्याच खर्चासाठीं वऱ्हाड प्रांत इंग्रजांकडे गेला. औरंगाबाद, जालना, मोमिनाबाद, एलिचपूर आणि हिंगोली हीं त्याचीं ठाणीं होतीं. १८५८ सालीं सर ह्यू रोजच्या मध्य हिंदुस्थानांतील मोहिमेंत या फौजेचीं पथकें होतीं. या सैन्यापुढें प्रश्न होता तो उन्हाचा, धुळीचा आणि पावसाळ्याचा; बर्फाचा नव्हे. १९०३ सालीं कंटिंजंट हिंदी सैन्यांत विलीन झालें आणि हिंगोलीच्या छावणीचें महत्त्व संपलें. पायदळाच्या पलटणींना नवे आंकडे मिळाले. १९२२ सालीं त्या १९ वी हैदराबाद रेजिमेंट या नांवाखालीं एकत्र आल्या, आणि तोंपर्यंत भरती मुख्यत्वें कुमाऊंच्या डोंगरांतून व उत्तरेकडील अहीर-जाटांतून होऊं लागली असल्यामुळें १९४५ सालीं या रेजिमेंटचें नांव कुमाऊं रेजिमेंट असें झालें. दख्खनच्या पठारावर जन्मलेली संस्था अशा रीतीनें नांवानें व माणसांनीं हिमालयाची झाली.

तिची हिमाशीं गांठ लौकरच पडली. ४ कुमाऊं ही पलटण कंटिंजंटच्या थेट वंशांतली, तिची परंपरा १७८८ सालापर्यंत मागें जाते. ३ नोव्हेंबर १९४७ रोजीं याच पलटणीचे मेजर सोमनाथ शर्मा काश्मीरांत बडगाम येथें पडले आणि पहिल्या परमवीरचक्राचे मानकरी ठरले. पुढल्याच वर्षीं गुलमर्ग येथें सैन्याची स्की-शाळा निघाली. बर्फांतील लढाईचें शिक्षण देणारी आजची प्रख्यात संस्था तिच्यांतूनच वाढली.

परंतु शाळा निघाली म्हणजे कोठारांत कपडे आले असें होत नाहीं. १८ नोव्हेंबर १९६२ रोजीं लडाखमधील रेझांग ला या खिंडींत १३ कुमाऊंची एक तुकडी मेजर शैतानसिंग यांच्या हाताखालीं लढली. ही पलटण १९४८ सालीं नव्यानें उभी राहिलेली. तिच्यांतील जवान हरयाणाचे अहीर. खिंडीची उंची सोळा हजार फुटांहून अधिक, वारा अखंड, आणि अंगावर त्या थंडीला मुळींच न पुरणारे कपडे. सुमारे १२० जणांपैकीं शंभराहून अधिक तेथेंच पडले. पुढील वर्षाच्या आरंभीं त्यांचे देह सांपडले ते आपापल्या मोर्च्यांत, शस्त्रें हातीं धरलेल्या स्थितींत, गोठलेले. आणि ते प्रथम दृष्टीस पडले ते एका मेंढपाळाच्या. त्यांच्या मरणाचें कारण शत्रूचा मारा हें होतें, कपडे नव्हे, हें स्पष्ट सांगितलें पाहिजे. परंतु तशा कपड्यांत तेथें आठवडेच्या आठवडे पहारा करावा लागला, हा दोष त्या जवानांचा नव्हता.

याच सुमारास पश्चिमेकडे बर्फावरील पहाऱ्याचा विचार निराळ्या वाटेनें चालला होता. अमेरिकेंत चार्ल्स मायनट डोल याचा १९३६ सालीं स्की करतांना घोटा मोडला. थोड्याच काळांत त्याचा एक मित्र शर्यतींत मृत्यु पावला. त्यांतून १९३८ सालीं तेथील राष्ट्रीय स्की-गस्त संस्था निघाली. योगायोग असा कीं नायलॉनची घोषणाहि त्याच वर्षीं झाली. तोंपर्यंत पर्वतावर जाणाऱ्यांचा भरंवसा लोंकर, रेशीम आणि थॉमस बर्बरीनें १८७९ सालीं काढलेलें घट्ट विणीचें गॅबर्डिन यांवरच असे. १९२४ सालीं एव्हरेस्टवर नाहींसा झालेला मॅलरी याच कपड्यांत होता. १९९९ सालीं त्याचा देह सांपडल्यावर त्या कपड्यांच्या हुबेहूब प्रती शिवून पर्वतावर वापरून पाहण्यांत आल्या, तेव्हां ते हलके व चांगल्या हवेंत पुरेसे ऊबदार आढळले. जुन्या लोकांना कांहींच कळत नव्हतें ही समजूत त्यानें थोडी ढिली व्हावी.

मग गस्तकऱ्याचा पोषाख हौशी प्रवाशाच्या पोषाखाहून निराळा कां असावा? याचें उत्तर त्याच्या कामांत आहे. हौशी माणूस दोन तास उतरतो आणि शेकोटीपाशीं जातो. गस्तकरी पहांटे चढतो, घामाघूम होतो, मग तासन् तास वाऱ्यांत उभा राहतो, आणि एकाएकीं जखमी माणसाची घसरगाडी ओढूं लागतो. घाम बाहेर जावयास हवा आणि बर्फाचें पाणी आंत येतां कामा नये, हे दोन हट्ट एकाच कापडानें पुरवावयाचे. १९६९ सालीं बॉब गोर यानें ताणून सच्छिद्र केलेला टेफ्लॉनचा पापुद्रा शोधला तो याच कोड्यावरचा उपाय. त्याचीं छिद्रें इतकीं सूक्ष्म असतात कीं पाण्याचा थेंब शिरत नाहीं, पण घामाची वाफ निघून जाते. हा पापुद्रा स्वतः नाजूक असतो. तेव्हां टिकाऊपणा पाहावयाचा तो वरच्या कापडाचा: जाड सुताचें नायलॉन, शिवणींवर आंतून चिकटविलेली पट्टी, आणि काखेंत उघडतां येणारी चेन. कापूस अंगालगत नको. तेथें लोंकर बरी.

कपडा फाटतो कोठें, हें शोधलें म्हणजे निवड निम्मी झालीच म्हणून समजावें. गस्तकऱ्याचें जाकीट प्रथम खांद्यावर झिजतें, कारण दोर व पाठपिशवीचे पट्टे तेथें घासतात, नंतर मनगटापाशीं. विजार प्रथम घोट्याच्या आंतल्या बाजूस कापली जाते, कारण स्कीच्या पोलादी कडा चालतांना तेथेंच लागतात. त्यानंतर गुडघे, कारण जखमी माणसाची शुश्रूषा बर्फांत गुडघे टेकूनच करावी लागते. या तीन-चार जागीं दुहेरी, अधिक चिवट कापडाचें थिगळ मुळांतच शिवलेलें असावें. विजारीची बाजूची चेन कमरेपासून घोट्यापर्यंत उघडणारी असावी, म्हणजे बूट न काढतां ती चढवितां-उतरवितां येते. हातमोजे न काढतां ओढतां येईल अशी चेनीला दोरी हवी. खिसे पाठपिशवीच्या पट्ट्याखालीं दबणार नाहींत इतके वर असावेत. रंग दुरून ओळखूं येणारा असावा. येथें गस्तकरी आणि सैनिक यांच्या वाटा फुटतात, कारण एकाला दिसावयाचें असतें आणि दुसऱ्याला लपावयाचें. गुलमर्गला गोंडोलाचा दुसरा टप्पा २००५ सालीं अफरवटाच्या खांद्यापर्यंत गेल्यापासून आपल्या देशांतहि अशा गस्तीचें काम पुष्कळ वाढलें आहे.

आणखी एक गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाहीं. वरच्या कापडाला पाणी झटकणारा जो लेप असतो, तो घासण्यानें आणि मळानें निकामी होतो. मग कापड भिजून जड होतें, घामाची वाट बंद होते, आणि मालक म्हणतो कीं जाकीट गळूं लागलें. वस्तुतः तें सौम्य साबणानें धुवून लेप पुन्हा चढविला कीं बरेंच काम भागतें. आपल्याकडे घोंगडीला पुन्हा खळ देत असत, त्याच जातीचा हा उपचार आहे.

१३ एप्रिल १९८४ रोजीं सियाचेनवरील बिलाफोंड ला या सुमारें १८००० फूट उंचीच्या खिंडींत हेलिकॉप्टरनें जी पहिली तुकडी उतरली, ती ४ कुमाऊंची होती, आणि तिचा नायक कॅप्टन संजय कुलकर्णी. हिंगोलीच्या छावणींतून ज्या सैन्याचा वंश निघाला, त्याच्या एका पलटणीची तुकडी एका मराठी आडनांवाच्या अधिकाऱ्याच्या हाताखालीं जगांतील सर्वांत उंच रणभूमीवर प्रथम उभी राहिली, हें मला नेहमीं लक्षणीय वाटत आलें आहे. परदेशांतून मागविलेले खास कपडे मोहिमेच्या आदल्या संध्याकाळीं, १२ एप्रिलला, हातीं आले असें त्या मोहिमेच्या हकीकतींत सांगतात. १९६२ आणि १९८४ यांमधील अंतर या एका संध्याकाळींत मोजतां येतें. मात्र तें अंतर कायमचें कापलें गेलें असें समजण्याचें कारण नाहीं. २०२० सालीं संसदेपुढें आलेल्या महालेखापरीक्षकांच्या अहवालांत उंचावरील जवानांच्या बर्फाच्या चष्म्यांच्या तुटवड्याचा, बुटांच्या खरेदींतील दिरंगाईचा आणि त्यामुळें वापरलेले बूट दुरुस्त करून पुन्हा दिल्याचा उल्लेख आहे.